वस्तादांचा पाय

"दुखतंय का?" मुजावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुखायला काय झालंय?" आमचे पैलवान म्हणाले. "तुमी तुमचं काम करा, मी माझं सांगतो. तर काय झालं, त्यो पंजाबचा गडी असा अंगावर चालून आला..."

डॉक्टरीणबाईंच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात टोकाशी वळलेली कात्री. टेबलावर उताण्या पडलेल्या माझ्या नवऱ्याच्या उजव्या तळपायातून त्या काळं पडलेलं मांस कातरत होत्या आणि शेजारच्या ट्रेमध्ये टाकत होत्या. भूल दिलेली नव्हती. जुनी वहाण कापताना येतो तसा करकर आवाज येत होता. हे मात्र छताकडे बघत, दोन्ही हात हवेत नाचवत, पंजाबच्या गड्याला ढाक डाव मारण्यात गुंतले होते.

"आता? आता दुखतंय?"

"छट्! मुंगी चावल्यावानी बी न्हाई."

दाराबाहेर तालमीतले पठ्ठे उभे होते. दार बंद, पण कान दाराला. आतलं 'छट्' ऐकू आलं की बाहेरून "वा वस्ताद!" असा पुकारा व्हायचा. बाकीचे पेशंट बिचारे दचकून बाकावर सरकून बसायचे.

डॉक्टरीणबाई मात्र 'छट्' ऐकलं की हात थांबवायच्या, जखमेत वाकून बघायच्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ती आठी मला एकटीलाच दिसत होती. पठ्ठे दाराबाहेर होते आणि वस्ताद पंजाबात.

मी या वस्ताद हिंदुरावांची बायको. गावात मला मास्तरीण म्हणतात, कारण मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. हेही मला मास्तरीणच म्हणायचे, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'हिला काय कळतंय' असा व्हायचा. आमच्या गावच्या तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही असा दंडक. त्यामुळे लग्न होऊन माझे केस पिकायला आले तरी माझा नवरा दिवसभर जिथं असतो ती जागा मी फक्त बाहेरून पाहिलेली. आत काय आहे ते मला कपडे धुताना कळायचं. तांबडी माती, आणि तिला येणारा ताक, हळद, तेल, लिंबू यांचा वास.

या सगळ्याला सुरुवात झाली ती नागपंचमीच्या कुस्तीच्या मैदानात यांचा सत्कार ठरला तेव्हा. सत्काराला म्हणून नवी कोरी कापशी चप्पल आणली. चालताना अशी करकर वाजायची की माणूस वळून बघायचा. दिवसभर ती घालून हे गावभर मिरवले. संध्याकाळी घरी आले तेव्हा चप्पल आतून ओली होती आणि तळपायाला अंगठ्याच्या खाली चांगली रुपयाएवढी कातडी सोलून निघालेली.

"अहो, रक्त आलंय की! कळलं नाही तुम्हाला?"

"पैलवानाला असलं काय बी कळत नसतं."

हे वाक्य त्यांनी छाती काढून म्हटलं आणि समोर बसलेल्या पठ्ठ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मीही खरं सांगायचं तर मनात म्हटलं, काय कातडी आहे बाई या माणसाची.

उपचार सुरू झाले. आखाड्याची माती. मुरगळलं, माती लावा. खरचटलं, माती लावा. यांचं म्हणणं असं की त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या पैलवानांचा घाम मुरलाय, त्यापुढं औषधाचं काय घेऊन बसलात. मी म्हणायचे, "घामच मुरलाय ना, म्हणून तर म्हणते धुऊन टाका." त्यावर हे तालमीच्या दिशेनं हात जोडायचे, माझ्या पापाबद्दल.

मातीनं काम केलं. म्हणजे तिच्या परीनं केलं. जखमेवर काळी, टणक खपली धरली. हे इतके खूश झाले की आल्यागेल्याला पाय वर करून दाखवायचे आणि बोटाच्या पेरानं त्या खपलीवर टकटक वाजवायचे. "बगा, कसं कवच आलंय. दगुड हाय दगुड." पाहुणे चहाचा कप हातात धरून ते वाजणं ऐकायचे. एका पाहुण्यानं तर स्वतः वाजवून बघितलं, आणि मग त्याच हातानं माझ्या घरची चिवड्याची ताटली उचलली.

कवच वाढत गेलं. बोटांच्या मुळापर्यंत गेलं, मग तळव्याच्या मध्यापर्यंत. आणि घरात वास यायला लागला. आधी यांनी उदबत्ती लावली, मग धूप, मग खोलीत कापूर. पण शाळेत कपाटामागं उंदीर मेला की सगळ्यात आधी तो मला कळायचा. हा तसलाच वास होता आणि तो माझ्या नवऱ्याच्या पायातून येत होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दवाखान्याचं नाव काढलं की हे उसळायचे. "आगं, दवाखाना म्हंजे कारकुनाचं काम. माझ्या ताठ अंगाला कोन हात लावतंय?" रागावून झालं, रडून झालं, त्यांच्या थोरल्या बहिणीला बोलावून झालं. शेवटी एक दिवस भाकरी थापता थापता मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "कोल्हापुरात कोण नवी डॉक्टरीण आलीय म्हणे. तिच्या कात्रीपुढं भले भले पैलवान बोंबलत्यात म्हणे. बरंच आहे तुम्ही जात नाही ते."

यांचा घास हातातच राहिला. "कोन बोंबलतंय?"

"जाऊ द्या हो."

"कोन म्हंतंय असं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोल्हापूरच्या एसटीत होतो. सोबत तालमीतले चार गडी, वस्ताद डॉक्टरणीला कसे चीत करतात ते बघायला. त्यांच्यात पुढं होता सर्जेराव, यांचा लाडका पठ्ठा. मान आणि खांदा यांच्यात काही फरक नसलेला माणूस.

मुजावर डॉक्टरीणबाई दिसायला एवढीशी. यांच्या दंडाएवढी तिची कंबर. तिनं आधी बोटाला सुई टोचून साखर बघितली. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. ती म्हणाली, "इतकी साखर आहे की यंत्राला मोजता येत नाहीये."

"बगा," हे आमच्याकडे वळून म्हणाले, "यंत्र बी हारलं."

गडी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, रोज काय खाता?"

"खुराक. दूध, बदाम, थंडाई, केळी, लोनी. आनि गूळ. साखर आपन शिवत बी न्हाई."

"मधुमेह आहे तुम्हाला. बरीच वर्षं असणार."

"मला? आवो, त्यो बसून खानाऱ्यांचा रोग हाय!" हे म्हणाले आणि उठायलाच लागले. सर्जेरावानं खांद्याला धरून बसवलं. डॉक्टरीणबाई वाद घालायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी पाय धुतला, मातीचे थर काढले आणि त्या काळ्या कवचाच्या कडेखाली चिमटा घातला. म्हणाल्या, "कुणीतरी पाय घट्ट धरा."

सर्जेराव बाह्या सरसावून पुढं आला. कवच उचकटून निघालं, खालून जे काही बाहेर आलं ते मी लिहीत नाही, आणि सर्जेराव तांदळाचं पोतं पडावं तसा धाडकन खाली गेला. त्याला उचलून न्यायला बाकीचे तीनही गडी लागले, आणि गेले ते परत कुणी आत आलंच नाही. तेव्हापासून पाय धरायचं काम माझ्याकडं आलं. ज्या बाईला तालमीच्या उंबऱ्यात उभं राहायची मुभा नव्हती तिच्या मांडीवर वस्तादांचा पाय.

डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावलं. "काकू, हे वरचं सगळं मेलेलं मांस आहे. हे असेपर्यंत खाली औषध पोचत नाही आणि नवं मांस वर येत नाही. म्हणून हे थोडं थोडं काढत जायचं, जिवंत भाग लागेपर्यंत. एकदम सगळं कापता येत नाही, कारण कुठवर मेलंय ते वरून कळत नाही."

"भूल देणार ना?" मी विचारलं.

"भूल?" टेबलावरून गर्जना आली. "मला भूल?"

डॉक्टरीणबाईंनी कात्रीच्या टोकानं जखमेत दोनतीन ठिकाणी हळूच दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. भुलीची गरज दिसत नाही."

त्यांचा आवाज असा होता की मी मांडीवरचा पाय आणखी घट्ट धरला. यांना मात्र ते प्रशस्तिपत्रक वाटलं. परतीच्या एसटीत गडी हिंगलाज देवीचं दर्शन घेऊन आल्यासारखे बसले होते, आणि हे त्यांना सांगत होते, "डागदरीण सोताच म्हनाली, ह्या मानसाला भूल कशाला?"

पुढं एक दिवसाआड कोल्हापूर. दर खेपेला एसटीत गडी वाढत गेले. दर खेपेला आत कात्री करकर वाजायची, 'दुखतंय का' विचारलं जायचं, 'छट्' म्हटलं जायचं आणि बाहेर पुकारा व्हायचा. गावात कहाणी पसरली. आधी ती 'वस्तादांच्या पायाचं मांस भूल न देता कापलं' अशी होती. बाजारपेठेपर्यंत पोचली तेव्हा वस्तादांनी कात्री स्वतःच्या हातात घेतली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तर मला विचारलं, "बाई, वस्ताद त्ये मांस कुत्र्याला घालत्यात व्हय?"

मग चौकात फ्लेक्स लागला. 'वेदनेला चीतपट करणारा वाघ'. मधोमध खांद्यावर गदा घेतलेले हे, तेही वीस वर्षांपूर्वीचे, आणि खाली गॉगल घातलेले सगळे शुभेच्छुक. ज्याला जखम बघून भोवळ आली होती त्या सर्जेरावाचा फोटो शुभेच्छुकांत सगळ्यात मोठा होता. पाय बरा झाला की यांचा भव्य सत्कार करायचा असंही ठरलं. पहिल्या सत्कारानं पाय गेला होता, आता दुसऱ्या सत्कारासाठी तो बरा करायचा होता.

आणि मग ती खेप आली जिच्यापासून मी ही गोष्ट सांगायला घेतली, पंजाबच्या गड्याची. त्या दिवशी ड्रेसिंग झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"काकू, मला हे आवडत नाहीये. इतकं काढलं तरी अजून रक्ताचा थेंब नाही. दुखतही नाही."

"ते दुखत नाही म्हणजे..."

"म्हणजे शूरपणा नाही हो. साखरेनं पायाच्या कातडीजवळच्या नसा मेल्यात. म्हणून चप्पल लागली ते कळलं नाही, म्हणून मी कापते ते कळत नाही. आता खाली जिवंत मांस आहे की नाही तेवढाच प्रश्न आहे. एकदा रक्त दिसलं, खोलवर कुठं एकदा दुखलं आणि त्यांनी पाय मागं ओढला, की मी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटीन."

"आणि नाही दिसलं तर?"

"परवा शेवटचं बघते. नाही दिसलं तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. त्यापुढं थांबलो तर विष वर चढेल आणि माणूस जाईल."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हटलं, काका, तुम्ही एकदा ओरडाल तर बरं होईल. तर म्हणाले, वरडायला मी काय बाळंतीण हाय?"

संध्याकाळी घरी आलो. सोप्यात हे खाटेवर पाय लोडावर ठेवून बसले होते आणि सर्जेरावाला सत्काराच्या मिरवणुकीत हलगी कुणाची लावायची ते सांगत होते. सर्जेराव गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि समोर बसले.

"अहो, पाय काढायचं म्हणतायत."

"कुनाचा?"

"माझा! कुणाचा काय? तुमचा."

"त्या बाईला हरल्याचा राग आलाय. सुई टोचली, कात्री चालवली, मी हूं केलं न्हाई म्हनून..."

"तुम्हाला दुखत नाही ते तुम्ही पैलवान आहात म्हणून नाही. पाय मेलाय म्हणून दुखत नाही. मेलेल्याला चिमटा काढला तर तो हूं करतो का?"

हे म्हणाले, "खोटं बोलतीस."

"डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पायाच्या चांगल्या दिसणाऱ्या भागाला, घोट्याच्या खाली, नखं रुतेपर्यंत चिमटा काढला.

"काढ की चिमटा," ते म्हणाले.

मी घोट्याच्या वर काढला.

"काढ म्हनतो न्हवं?"

मी सरकत सरकत वर गेले. नडगीच्या मध्यावर आले तेव्हा ते म्हणाले, "हां, तितं." आणि डोळे उघडून बघितलं. खालपासून वरपर्यंत माझ्या नखांच्या लाल खुणा उठल्या होत्या. त्या खुणांकडे ते नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं होतं, हरलेलं बघितलं होतं, आई वारली तेव्हा रडताना बघितलं होतं. घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मास्तरीण," ते अगदी हळू म्हणाले, "एका पायावर वस्ताद कसा हुबा ऱ्हायचा आखाड्यात? पोरास्नी डाव कसा दावायचा?"

मी त्यांचा पाय लोडावर नीट ठेवला.

मग ते म्हणाले, "म्हंजे वरडलं की पाय ऱ्हातूय, आसं म्हनती व्हय ती?"

"ओरडलं की नाही हो. दुखलं की."

"तेच ते."

"तेच कसं?"

"बरं बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. समोरच्यानं सांगितलेल्या गोष्टीतला सोयीचा तेवढा तुकडा पकडायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही यांची जुनीच पकड.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा दवाखान्याच्या दारात ही गर्दी. कुणीतरी हार आणला होता. कात्रीची शेवटची फेरी आहे एवढं बाहेर फुटलं होतं, कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे नेहमीसारखे हात हलवत आत गेले, पण टेबलावर चढताना त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. म्हटलं, "पाय कोण धरणार?" तेव्हा सोडला.

यांनी जखम बघू नये म्हणून गुडघ्यांच्या पुढं एक हिरवा पडदा उभा करायचे. पडद्याच्या पलीकडे यांचं डोकं, अलीकडे पाय आणि मी. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होत्या. दवाखान्यातल्या मावशींनी कात्र्या-चिमट्यांचा ट्रे आणून टेबलावर ठेवला. ठेवताना तो जरा खणखणला.

"आई गं!" पडद्यापलीकडून आरोळी उठली. "मेलो! मेलो गं आई! लई दुखतंय! आयाई गं!"

मावशींच्या हातातून कापसाच्या बोळ्यांचा डबा पडला. बाहेर एकदम चिडीचूप झालं. डॉक्टरीणबाई ओल्या हातांनी धावत आल्या.

"काय झालं? कुठं दुखतंय?"

"तितंच! तुमी कापताय तितं!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. मी पडद्यावरून वाकून म्हटलं, "अहो, त्या अजून हातच धूत होत्या."

यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. डॉक्टरीणबाईंच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं ते त्यांना दिसलं. पायाला काही कळत नाही, त्यामुळे कापायला सुरुवात झाली की नाही हे त्यांना कळणार तरी कसं? ट्रे वाजला आणि त्यांना वाटलं, आता.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे अब्बा दर कुस्तीला मला खांद्यावर घेऊन जायचे. आधी ठरवून, जोर न लावता केलेली कुस्ती असते ना, नुरा कुस्ती, ती मला लहानपणापासून ओळखता येते."

मला हसू फुटलं. काय करू? नवऱ्याचा पाय जाणार की राहणार ते अजून ठरायचं होतं आणि मी पदर तोंडात कोंबून हसत होते. हे आढ्याकडे बघत पडले होते आणि त्यांच्या मिशांपर्यंत पाणी आलं होतं.

तेवढ्यात बाहेरून सर्जेरावाचा आवाज आला. "आरं, वस्ताद न्हवं ते! डागदरीण वरडली! वस्तादांचं काळीज बगून वरडली!"

"वा वस्ताद!" सगळा व्हरांडा दुमदुमला.

आमच्या गावात आजही ही हकीकत अशीच सांगतात. डॉक्टरीण ओरडली, बेशुद्ध पडली, वस्तादांनीच तिला पाणी पाजलं. मी समोरच होते असं सांगितलं तर लोक म्हणतात, काकी, तुमास्नी आठवत नसंल.

पण त्या दिवशी त्या पुकाऱ्याकडे यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली होती. "बाई, पाय ठिवा. मी काय बी करतो. वरडतो, रडतो, त्या बाहेरच्या समद्यांच्या म्होरं नाक घासतो. तेवढा पाय ठिवा."

"काहीही करू नका," त्या म्हणाल्या. "गप्प पडून राहा. मी विचारलं की खरं तेवढं सांगा."

"आनि खरं वंगाळ आसलं तर?"

"तरी खरंच सांगा."

त्यांनी कात्री घेतली. मी पाय मांडीवर घट्ट धरला. करकर आवाज सुरू झाला.

"दुखतंय?"

"न्हाई."

आतापर्यंत मी त्यांचं 'छट्' ऐकलं होतं. हे 'न्हाई' फार वेगळं होतं. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुली म्हणतात तसं.

"इथं?"

"न्हाई."

ट्रेमध्ये काळे तुकडे पडत होते, मग करडे पडायला लागले. डॉक्टरीणबाई टाचेच्या बाजूला आत आत जात होत्या. बाहेर कुणीतरी पंजाबच्या गड्याची गोष्ट सांगायला घेतली होती.

"आता?"

"न्हाई, बाई." आणि मग, मला उद्देशून, "मास्तरीण, हायेस न्हवं?"

"आहे," मी म्हटलं. मी मनात त्या पायाला शिव्या घालत होते. मेल्या, जरा हल. इतकी वर्षं तुझी माती धुतली, एकदा तरी माझ्या हातात हल.

डॉक्टरीणबाईंनी एक करडा पापुद्रा चिमट्यात धरला, खालून कात्री घातली. पापुद्रा निघाला. खालचा रंग वेगळा होता. त्या वाकल्या. मी वाकले. तिथं गुलाबी कडेवर लाल काहीतरी मोहरीएवढं जमा झालं, वाढलं आणि ओघळलं.

त्याच वेळी पाय माझ्या हातातून निसटला. म्हणजे मीच सोडला असेन असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, त्यांनी ओढून घेतला होता.

"काय तरी चावलं," पडद्यापलीकडून दबका आवाज आला. पुन्हा आपण खोटं बोलतोय असं वाटेल की काय या भीतीनं त्यांनी घाईघाईनं म्हटलं, "आईच्यान, खरं सांगतो. चावलं."

"पाय द्या पुन्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी त्याच जागी कात्रीचं टोक टेकवलं.

हे ओरडले. मघाशी 'आई गं, मेलो' असं सगळं शब्दांत मांडलं होतं. या ओरडण्यात शब्दच नव्हता. म्हशीच्या पायावर गाडीचं चाक गेल्यावर ती हंबरते तसा नुसता आवाज. पाय माझ्या मांडीवर थाडथाड उडत होता आणि माझ्या लुगड्यावर रक्ताचे ठिपके पडत होते. लुगडं नवं होतं. मला त्या ठिपक्यांचा इतका आनंद झाला की डॉक्टरीणबाईंच्या गालाचा मुका घ्यायचाच काय तो बाकी राहिला.

पाय राहिला, हे आता सांगूनच टाकते. पुढं किती महिने ड्रेसिंग चाललं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं, खुराक बंद झाला त्यावरून घरात महाभारत झालं. पण पाय राहिला.

त्या वेळी मात्र टेबलावरचा माणूस घामानं निथळत होता. डॉक्टरीणबाईंनी हातातली कात्री ठेवली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. "काका, आता खालचं सगळं जिवंत आहे. उरलेलं साफ करायचं तर भूल द्यायलाच हवी."

"नगं," हे म्हणाले.

झालं, मी म्हटलं, पुन्हा वाघ जागा झाला. त्यांना चार शब्द सुनवायला मी पडदा बाजूला सारला. पण ते पडल्या पडल्या मान उचलून आपल्या पायाकडे बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी उघडी जखम बघितली होती.

"जरा ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "लई दिसांनी त्यो माझा वाटाय लागलाय."

डॉक्टरीणबाई सुई हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"त्यांचं काय ऐकताय?" मी म्हटलं. "द्या तुम्ही."

त्या जिवंत जागी सुई आत गेली तसे हे पुन्हा ओरडले, दार हललं इतके मोठ्यानं. मी पाय पोटाशी घट्ट धरला आणि म्हटलं, "ओरडा. अजून ओरडा."